राऊटरसाठी मोठा यूपीएस की मिनी?

लाईट गेल्यावर फक्त वायफाय सुरू राहावं, एवढीच गरज आहे असं धरून लिहितोय. पंखे-दिवे चालवायचे असतील तर सरळ इन्व्हर्टर घ्या.

एकीकडे कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाईट गेली की बॅटरीवरून वीज देणारा डबा, आत १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) ची सीलबंद बॅटरी. दुसरीकडे तळहाताएवढा मिनी यूपीएस, लिथियम सेलचा, थेट १२ व्होल्ट डीसी देणारा.

कागदावर मोठ्याची सरशी आहे: १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-अवर इतकी साठवलेली ऊर्जा. मिनीवर ८८०० एमएएच असं ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा. ८८०० एमएएच म्हणजे ८.८ एएच, त्याला ३.७ ने गुणलं तर जेमतेम ३२ निघतात. तरीही दहा वॅटच्या राऊटरवर दोघंही अडीच तासांच्या आसपासच टिकतात, निदान माझ्याकडे तरी. मोठा १२ चे २३० करतो, राऊटरचा अडॅप्टर त्या २३० चे पुन्हा १२ करतो, आणि या उलटसुलट कारभारात यूपीएस स्वतःच राऊटरपेक्षा जास्त खातो.

८४ वॅट-अवर म्हणजे तरी किती? २५ अंशांचं लिटरभर पाणी उकळायला ८७ लागतात. अख्खी बॅटरी ओतली तरी उकळी फुटणार नाही. तेच लिटर जलूदच्या नर्मदेपासून, जिथून इंदूरला पाणी येतं, इंदूरपर्यंत, साधारण चारशे मीटर वर चढवायला, पंप-पाइपचा तोटा सोडला तर एका वॅट-अवरहून थोडंसंच जास्त लागतं. तापवणं हेच महाग काम. हौसेने १५०० वॅटची किटली लावलीत तर यूपीएस ओव्हरलोड होऊन तिथल्या तिथे बंद पडतो. लेझर प्रिंटरचंही तेच. शिवाय ७ एएच हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामं करण्याचा आहे. २०० वॅट ओढलेत तर बॅटरीतून वीसेक अँपिअर जातात आणि खेळ काही मिनिटांत आटोपतो.

माझा निर्णय मात्र हिशोबाने झाला नाही, बीपने झाला. लाईट गेली की मोठा यूपीएस दर काही सेकंदांनी टीं करतो, आणि रात्री एकला गेलेली लाईट तीनला आली तर तोवर टीं-टीं चालूच. काही मॉडेलांत बटण दाबून आवाज बंद होतो, बऱ्याच मॉडेलांत ती सोयच नसते. खोलून बझर काढता येतो. पण आधी प्लग आणि बॅटरी दोन्ही सोडवावी लागतात, आतले कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) नंतरही झटका देऊ शकतात, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. बरं, बझर काढला की बॅटरी संपत आल्याची जलद टीं-टींही जाते. डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला तीच तर हवी असते! त्याने मोठाच घ्यावा.

मोठ्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी सहज बदलता येते, हा त्याचा खरा गुण. मिनीचे सेल थकले की बहुतेक वेळा डबाच बदलायचा. मिनी राऊटरच्या डोक्यावर ठेवू नका, उष्णतेने सेल लवकर मरतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही सप्लाय लागेल, म्हणून दोन आउटपुटचा बघा.

तरी फक्त राऊटरसाठी मी मिनीच सुचवेन. इंदूरच्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना राऊटरचा अडॅप्टर सोबत न्या. पिन २.१ मिमीची की २.५ ची, हे लावूनच बघा. सैल बसली तर टेबलाला धक्का लागला तरी नेट जातं. आणि अडॅप्टरवर २ अँपिअर लिहिलं असेल तर १ अँपिअरचा मिनी घेऊ नका, सुरू होतानाच त्याला धाप लागते आणि राऊटर चालू-बंद होत राहतो.