सायलेंट व्हॅली: ताडोबाची सवय घरी ठेवून जावे

केरळच्या पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानात वाघाच्या आशेने जाणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येईल. मण्णारक्काडला आम्ही ज्या लॉजवर उतरलो होतो, तेथील व्यवस्थापकाने वाघ दिसणारच असे छातीठोकपणे सांगितले होते. परंतु जेथे झाडोऱ्यामुळे रस्त्यापासून दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, अशा सदाहरित जंगलाबद्दल दिलेला हा शब्द आम्ही मुळात खरा मानायलाच नको होता.

खासगी वाहने उद्यानाच्या प्रवेशापाशी, मुक्काली गावालाच थांबतात. तेथून वनखात्याच्या जीपने, वाटाड्यासह, उद्यानातील सुमारे २३ किलोमीटरवरील सैरंध्री या ठिकाणापर्यंत जाता येते. जाऊन-येऊन साधारण पाच तास लागतात. वाटेत शेकरू दिसला तेव्हा आम्हा मराठी मंडळींना भीमाशंकरची आठवण झाली. खरी मेजवानी पुढे होती. एका कुलेनियाच्या झाडाखाली वाटाड्याने जीपचे इंजिन बंद करायला लावले आणि दहा-बारा मिनिटे आम्ही नुसते वर पाहत राहिलो. मग फांद्यांना लगडलेली काटेरी फळे सोलत बसलेला सिंहपुच्छ वानरांचा कळप हळूहळू नजरेत भरू लागला. काळे अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. (नाव आयाळीवरून नव्हे, या शेपटीवरून पडले आहे.) हा प्राणी फक्त पश्चिम घाटात आढळतो आणि झाडावरून क्वचितच खाली उतरतो, त्यामुळे दुर्बिणीवाचून येथे येणे म्हणजे निम्मे पैसे वाया घालवणे होय.

सैरंध्रीच्या उंच मनोऱ्यावरून कुंतीपुळा नदीचे खोरे दिसते. याच नदीवर जलविद्युत प्रकल्पासाठी धरण व्हायचे होते. मोठ्या लोकविरोधानंतर १९८३ मध्ये तो बेत सोडण्यात आला आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. वाटाड्याने हात लांबवून ती जागा दाखवली, तेव्हा जीपमध्ये अखंड चाललेली आमची बडबड प्रथमच थांबली. नदीवरच्या झुलत्या पुलापर्यंत दीड किलोमीटर पायी उतरावे लागते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी परतीचा चढ ध्यानात घ्यावा, मात्र तेवढ्यासाठी नदी चुकवू नये.

जीपची संख्या मर्यादित असल्याने आगाऊ नोंदणी करावी. पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी आणि लांब मोजे जवळ असावेत.