डबा कंपनीचा, ऑइल कुणाचं?

दरवर्षी खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी मी गाडीचं ऑइल बदलतो. मग पूजेला नट-बोल्टचे पाने, जॅक, गाडी सगळं एका ओळीत, आणि बोनेटखाली नवं ऑइल. हा नेम २०२१ पासूनचा. त्या वर्षी निम्मा काळ गॅरेजं बंद होती, घरात बसून व्हिडिओ बघितले आणि हात काळे करून घ्यायची सवय लागली. त्याआधी एका गॅरेजवाल्यानं एअर फिल्टर न बदलताच त्याचे पैसे लावले होते. तेव्हापासून मी ठरवलेलं, आपली गाडी आपण बघायची. ऑफिसात कुणी सर्व्हिसिंगच्या बिलावरून कुरकुरायला लागला की मी लगेच, "अहो, घरी करा की, तासाभराचं काम." माझी कॉलर ताठ असायची.

तर ही गोष्ट त्या कॉलरीची आहे.

गाडी २०१४ ची वॅगन आर, ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. ऑइल गाळणाऱ्या फिल्टरसकट बदलायला साधारण तीन लिटर ऑइल लागतं. सामान मी शहरातल्या एका स्पेअरच्या दुकानातून आणायचो. दुकानाचं नाव घेत नाही, कारण माझ्या हातात सिद्ध करण्यासारखं काही नाही. का नाही, ते पुढे येईलच. मालक गोड बोलणारा. २०२२ आणि २०२३ मध्ये त्याच्याकडूनच ऑइल आणि फिल्टर घेतला, पक्कं बिल घेतलं, गाडी मजेत चालली. २०२४ च्या दसऱ्याआधी गेलो तेव्हा त्यानं कॅल्क्युलेटर पुढे सरकवला आणि म्हणाला, "साहेब, बिल लावू? तुम्ही नेहमीचे. बिल नको असेल तर २९० कमी लावतो."

ऑइलवर १८ टक्के जीएसटी असतो, तो वाचतोय, असं मनात आलं. वास्तविक डब्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात आणि माल एमआरपीच्या खालीच मिळतो, हे मला माहीत होतं. तरीही "नको बिल" म्हणालो. त्यानं वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. यूपीआयनं पैसे दिले तर स्क्रीनवर दुकानाऐवजी कुठल्यातरी बाईंचं नाव आलं. "घरचंच खातं आहे," म्हणाला. मी मान डोलावली.

रविवारी नेहमीप्रमाणे काम केलं. गाडी रॅम्पवर, मागच्या चाकांना दगड. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नका. ही गोष्ट ऑइलची असली तरी एवढं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.) जुनं ऑइल काढलं, बोल्टचा वॉशर नवा घातला, फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं ऑइल लावून फिल्टर हातानंच आवळला. डबा उघडताना झाकणाची खालची रिंग 'कट्' करून तुटली नाही, जरा सैलसर निघाली. तेव्हा ते जाणवलं होतं. पण हातमोजे तेलकट होते, चहा गार होत होता, आणि दोन वर्षांचं दुकान. सोडून दिलं.

डिसेंबरात आवाज सुरू झाला. सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की दोन-तीन सेकंद खडखड, डब्यात खडे हलवल्यासारखी. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा एरवी स्टार्ट होताच विझायचा, तो आता जरा रेंगाळून विझायला लागला. इंजिन गरम झालं की सगळं शांत. दिवसभरात पुन्हा कितीदा स्टार्ट करा, आवाज नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की दुसऱ्या सकाळी परत तेच.

ओळखीच्या मेकॅनिकनं कान लावला. "चेन गेली. किट घालायला लागतंय, नऊ हजार धरून चला." ह्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते, आणि तिला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तेव्हा तो म्हणाला ते अगदीच वेड्यासारखं नव्हतं. पण चेन सैल झाली असती तर आवाज फक्त रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतच का यावा? चेनला काय माहीत रात्र झाली ते?

रात्रभरात बदलते ती एकच गोष्ट. ऑइल खाली उतरतं. चांगल्या फिल्टरात रबराची एक चकती असते, तिचं कामच हे, की इंजिन बंद झाल्यावर फिल्टरातलं ऑइल परत सांडून जाऊ द्यायचं नाही. ती नसेल तर सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो, मग वर दाब पोचतो. तोवर टेन्शनर ढिला आणि चेन खडखडते. हे सुचायला मला आठवडा लागला. सुचलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण फिल्टर मीच घातला होता.

फिल्टर काढला आणि कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आण्णांकडे गेलो. आण्णा माझ्या वडिलांचे मित्र, चाळीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर. घरी हॅकसॉनं फिल्टर कापायचा माझा विचार होता, तो त्यांनी मोडीत काढला. "करवतीचा भुसा आत पडतोय, मग त्योच लोखंडाचा चुरा बघून इंजिन गेलं म्हणून बोंबलत बसशील." त्यांनी फिल्टर लेथच्या चकमध्ये धरला आणि दुमडलेली कडा टूलनं अलगद उतरवली. झाकण वाटीसारखं निघालं. शेजारी मी नेलेला आधीच्या वर्षीचा फिल्टर होता, पक्क्या बिलाचा. नशीब, जुन्या ऑइलच्या बादलीत तो तसाच पडून राहिला होता. तोही कापला.

दोन्ही पत्र्याच्या ताटलीत मांडले. बाहेरून जुळे भाऊ. तोच रंग, तीच अक्षरं, तोच पार्ट नंबर. आत मात्र जुन्या फिल्टरातल्या कागदाच्या घड्या दाट आणि सारख्या अंतरावर, नव्यात जवळजवळ निम्म्या, दोन ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या आणि एका बाजूला गोंद सुटून बोट जाईल एवढी फट. म्हणजे ऑइल कागदातून गाळलं जाण्याऐवजी त्या फटीतून सरळ फिरत होतं. जुन्यातली चकती मऊ, बोटानं दाबली की दबून परत वर येणारी. नव्यात त्या जागी काहीच नाही, नुसती भोकं.

आण्णा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पोरा, तू आवळलास झकास रं. पण काय आवळालायस ते बघितलास काय?"

एक सांगतो, कारण फिल्टर कापून बघायची फॅशन आली की लोक भलत्याच गोष्टींवर निकाल देतात. आत गोल स्प्रिंगऐवजी पत्र्याची पट्टी दिसली म्हणून फिल्टर नकली ठरत नाही, चांगले फिल्टरही तसे असतात. चकतीचा रंग वेगळा असणं हाही पुरावा नव्हे. चकती आहे का, मऊ आहे का, घड्या शेवटपर्यंत घट्ट चिकटल्या आहेत का, हे बघायचं. ऑइलचंही तसंच. "काळं पडलं म्हणजे खराब" हे मी स्वतः कैक वर्षं मानत होतो. खरं तर चांगलं ऑइल घाण धरून ठेवतं, म्हणूनच ते काळं पडतं.

मग ऑइलचं काय? डब्यात पाव लिटर उरलं होतं. आधीच्या वर्षीचंही बाटलीत थोडं होतं. दोन्ही काचेच्या बाटल्यांत भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी बायकोनं मटार काढायला दार उघडलं आणि घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. बाटल्या आडव्या केल्या तर जुनं ऑइल सावकाश पण सरळ वाहिलं, नवं मात्र काकवीसारखं बुडाला धरून बसलं. दोन्ही डब्यांवर ग्रेड एकच, ५डब्ल्यू-३०. त्यातला '५डब्ल्यू' थंडीतल्या पातळपणाबद्दलच असतो, उणे तीसच्या आसपास त्याची परीक्षा घेतात. घरच्या फ्रीझरच्या उणे अठराला त्याची काकवी व्हायचं काही कारण नाही. हे काही प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नव्हे, पण माझी खात्री पटायला पुरेसं होतं.

त्यानंतर मी रिकामा डबा उन्हात घेऊन बसलो. आधी दुकानात बघायला हवं होतं ते तेव्हा बघितलं. बॅच नंबर नखानं खरवडला तर पुसला जायला लागला. जुन्या डब्यावरचा थिनर लावूनही हलला नाही. झाकणाखालची फॉइल एका बाजूला सुरकुतलेली, इस्त्रीनं चिकटवल्यासारखी. लेबलाचा एक कोपरा सुटत होता, तो ओढला. खाली डब्याच्या प्लास्टिकवर निळ्या मार्करचे अर्धवट पुसलेले आकडे होते: ६८ आणि पुढे काहीतरी.

मी ऑइल बदललं की रिकाम्या डब्यावर मार्करनं किलोमीटर लिहितो, पुढच्या वेळी आठवायला. हे अक्षर माझं नव्हतं. पण कुणीतरी अगदी माझ्यासारखाच, आपल्या गाडीचं आपण करणारा, त्यानं ६८ हजारांवर ऑइल बदललं, आकडा लिहिला आणि डबा भंगारात दिला. तोच डबा भरून, वर नवं लेबल चिकटवून माझ्याकडे आला.

दुकानात गेलो. कापलेला फिल्टर काउंटरवर ठेवला. मालकानं तो हातात घेतलासुद्धा नाही. "साहेब, हा आमच्याकडचाच कशावरनं? बिल दाखवा." मी वहीचा कागद काढला. तो हसला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाला, "ह्यावर आमचं नाव कुठं आहे?" मग हळूच, शेजारचं गिऱ्हाईक गेल्यावर, "तुम्ही जुने, वाद कशाला? एक डबा घेऊन जा." त्यानं मागच्या फळीवरून डबा काढला. तसलाच. मी तो घेतला नाही, एवढीच त्या दिवसाची कमाई.

ऑइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोटो पाठवले. तीन दिवसांनी फोन आला, की हा बॅच नंबर एक लिटरच्या पॅकचा आहे, तीन लिटरच्या डब्यावर तो असूच शकत नाही. म्हणजे नकली पक्कं. पुढचा प्रश्न लगेच, बिल आहे का? बिल असतं तर तक्रारीला धार आली असती. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवली, पण त्यांचाही पहिला प्रश्न तोच. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे सगळं खरं. पण माझ्याकडे होतं काय? बिननावाचा कागद आणि कुठल्याशा बाईंच्या खात्यात गेलेले पैसे. २९० रुपयांत मी माझा सगळा पुरावा त्याला विकून आलो होतो.

गाडीचं सांगतो. नवं ऑइल, नवा फिल्टर, ह्या वेळी कंपनीच्या अधिकृत पार्टच्या काउंटरवरून. हजार किलोमीटर चालवून पुन्हा दोन्ही बदललं, आतली घाण निघावी म्हणून. दुसऱ्या सकाळी खडखड नव्हती, दिवा चटकन विझला. चेनचे नऊ हजार वाचले. पण फटीतून फिरलेल्या न गाळलेल्या ऑइलनं त्या अडीच हजार किलोमीटरांत बेअरिंगचं काय केलं असेल, ते आण्णांनाही सांगता येत नाही. ते म्हणतात, "आवाज येईपातूर चालव." गगनबावड्याचा घाट चढताना अजून माझा एक कान बोनेटकडे असतो.

काम मी अजूनही घरीच करतो. बिल पक्कं घेतो, पैसे दुकानाच्याच खात्यावर जातात का ते बघतो, झाकणाची रिंग तुटल्याचा आवाज ऐकतो, बॅचचा फोटो काढून ठेवतो आणि काढलेला फिल्टर दरवर्षी आण्णांच्या लेथवर जातो.

मागच्या महिन्यात गॅलरी आवरली. चार रिकामे डबे निघाले. प्रत्येकाच्या पोटात करवत घातली, झाकणं वेगळी केली, लेबलं फाडली आणि भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं पोतं उघडलं, डबे बघितले आणि हळहळला.

"अवो साहेब, फोडलासा कशाला? हे आता किलोवर जाणार. झाकणासकट अख्खा असता तर नगाला तीस देत्यात."

"कोण देतं?"

तो वजनकाटा काढायला लागला. "हैत एक-दोघं. गाडी घिऊन येत्यात, नुसतं डबंच नेत्यात."

आधीच्या तीन वर्षांचे डबे मी त्यालाच दिले होते, झाकणासकट, वर मार्करनं किलोमीटर लिहून.