हॅम्स्टरच्या घरट्यासाठी बिनसुगंधी कागदी बेडिंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकला आमच्या घरी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सोनेरी हॅम्स्टरची एक मादी आली आणि रंगावरून मुलीने तिचे नाव बुंदी ठेवले. दुकानदाराने सोबत लाकडाच्या भुशाची एक पिशवी दिली आणि दर रविवारी सगळा पिंजरा रिकामा करून धुवा, असे बजावले. आम्ही चार रविवार तसे केले. चारही वेळा बुंदी रात्रभर काचेच्या कडेने धावत राहिली, कुशी भिंतींना घासत राहिली आणि झाकणाची जाळी चावत राहिली. आम्ही घर स्वच्छ करत होतो, पण तिच्या लेखी दर आठवड्याला तिचे घर नाहीसे होत होते. मे महिन्यापासून आम्ही कागदाच्या लगद्याचे बिनसुगंधी बेडिंग वापरू लागलो. त्याविषयी आठ महिन्यांच्या वापरानंतर हे लिहीत आहे.

हॅम्स्टरची दृष्टी अधू असते आणि आपली जागा तो मुख्यतः वासावरून ओळखतो. सोनेरी हॅम्स्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात आणि तो त्या बिळाच्या भिंतींना घासून स्वतःची खूण ठेवतो. त्यामुळे बेडिंग किती पांढरे दिसते किंवा किती मऊ लागते यापेक्षा, ओला झालेला भाग तेवढाच उचलून बाकीचे घरटे जसेच्या तसे ठेवता येते का, ही माझी पहिली कसोटी आहे. या कसोटीवर हे बेडिंग उतरते. लघवी पडली की तेवढ्याच भागाचा गडद, घट्ट गोळा होतो आणि तो चमच्याने अलगद निघतो. भुशात ओल खाली झिरपून तळाशी पसरत असे आणि ती शोधण्यासाठी सगळे उपसावे लागत असे.

आता आमची पद्धत अशी आहे. काचेच्या टाकीच्या एका कोपऱ्यात वाळूचे चिनी मातीचे भांडे ठेवले आहे. बहुतेक हॅम्स्टर लघवीसाठी एकच जागा धरतात आणि बुंदीने आठवडाभरात हे भांडे धरले. दर दोन दिवसांनी संध्याकाळी, ती स्वतः उठून बाहेर आल्यावर, त्यातली ओली वाळू काढतो. भांड्यावर पांढरा थर चढला, तर तो पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटतो. नंतर भांडे गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवतो. फिनेल किंवा सुगंधी साबण टाकीजवळ आणत नाही. झोपलेल्या हॅम्स्टरला उठवून सफाई करणे हा त्याच्यावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्य घरटे उघडणारे झाकण असलेल्या लाकडी खोलीत आहे. तिथे मी दहा-बारा दिवसांतून एकदाच डोकावतो. मागच्या वेळी झाकण उचलले तेव्हा एका बाजूला सूर्यफुलाच्या बियांची नीट रचलेली रास होती, मध्ये कागदाच्या पट्ट्यांची वाटीसारखी गोल बैठक होती आणि राशीच्या खाली काकडीची एक बुळबुळीत फोड दडलेली होती. मी फोड आणि तिला चिकटलेले मूठभर बेडिंग काढले आणि कोरड्या बिया होत्या तिथेच राहू दिल्या. साठा हेच तिचे धन आहे, ते दर वेळी लुटले तर ती नव्याने गोळा करण्यासाठी जीव टाकते. एकूण बेडिंगपैकी साधारण तिसरा हिस्सा आम्ही पाच-सहा आठवड्यांनी बदलतो आणि नव्यात जुने कोरडे बेडिंग मिसळतो. अशा सफाईनंतर बुंदी दहा मिनिटे हुंगते, दोन-चार ठिकाणी उकरते आणि पुन्हा आत जाऊन झोपते.

बिळे खणण्याच्या बाबतीत मात्र हे बेडिंग एकटे पुरे पडत नाही. नुसते ओतले तर ते भुसभुशीत राहते आणि बोगदा कोसळतो. त्यात मऊ वाळलेले गवत आणि बिनछपाईच्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या घालून, थरावर थर दाबून साधारण 30 सेंटिमीटर उंची केली, तेव्हा बुंदीचा पहिला टिकाऊ बोगदा झाला. ही उंची चैन नव्हे. 1930 मध्ये इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाला सीरियातल्या अलेप्पोजवळ सोनेरी हॅम्स्टरची आई आणि पिले मिळाली, ती शेतात सुमारे अडीच मीटर खोल खणल्यावर. बीळ असे उघडले गेल्यावर त्या आईने स्वतःचे एक पिल्लू मारले. घरट्याला हात लावणे या प्राण्याला किती जिव्हारी लागू शकते, हे मला त्या प्रसंगातून कळले, म्हणून घरात पिले असतील तर घरट्याला दोन आठवडे अजिबात हात लावू नये.

दोन तक्रारी आहेत. पिशवीच्या तळाशी इतकी बारीक धूळ साचते की शेवटचा भाग चाळणीतून चाळल्याशिवाय मी वापरत नाही, कारण हॅम्स्टरचे नाक सतत त्यातच असते. दुसरी तक्रार पावसाळ्याची आहे. जुलैमध्ये उघडी राहिलेली पिशवी दमट झाली आणि आतल्या गोळ्यांवर बुरशी आली. ती सगळी फेकावी लागली. आता पिशवी धान्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहते.

याच उत्पादकाचे लॅव्हेंडरच्या वासाचे बेडिंगही मिळते. एकदा दुकानात साधे नव्हते म्हणून ते आणले, आणि बुंदीने एका रात्रीत आपले जुने घरटे गालांच्या पिशव्यांत भरून टाकीच्या दुसऱ्या टोकाला हलवले. पिशवीवर दुर्गंधी रोखण्याची हमी छापलेली आहे, पण सुगंधाने लघवीतून निघणारा अमोनिया कमी होत नाही, तो फक्त आपल्याला कळेनासा होतो. जमिनीलगत श्वास घेणाऱ्या प्राण्याला तो आपल्या आधी बाधतो. वासाचे बेडिंग घेऊ नये, तसेच पाईन किंवा देवदाराचा भुसाही घेऊ नये, कारण त्यांतली तेले श्वसनमार्गाला त्रास देतात. थंडीत कनवाळूपणाने कापूस घालणारेही अनेक आहेत. त्याचे तंतू पायाला गुंडाळून रक्तपुरवठा तोडतात आणि पोटात गेले तर आतडे अडते.

एका पिशवीला साधारण 500 रुपये पडतात. सुरुवातीला टाकी भरायला आम्हाला तीन पिशव्या लागल्या, पण त्यानंतर एक पिशवी दोन महिने पुरते. दर आठवड्याला सगळा भुसा बदलण्यापेक्षा हा खर्च फारसा जास्त झाला नाही. बिनसुगंधी बेडिंग आम्ही पुढेही घेणार आहोत. डिसेंबरपासून बुंदीने टाकीची जाळी एकदाही चावलेली नाही.