जुन्या मोटारीची फिटनेस तपासणी आणि सांगलीतील एक गॅरेज

खासगी मोटारीच्या नोंदणीची 15 वर्षांची मुदत संपली की नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीस न्यावी लागते आणि ती योग्य ठरल्यास पुढील 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. आमच्या एमएच 10 क्रमांकाच्या मोटारीची पूर्वतयारी आम्ही सांगलीतील एका गॅरेजकडे सोपवली होती. गाडी चकाचक दिसली की पास होते, असा अनेकांचा समज असतो. येथील मिस्त्रींनी मात्र रंगकामाचा विषयही काढला नाही. त्यांनी गाडी चढावर उभी करून हँडब्रेक पाहिला, भिंतीवर हेडलाइटचा झोत पाडून तो खाली घेतला, वायपरचे रबर बदलले आणि चेसिस क्रमांकावरचा गंज व मातीचा थर, पेन्सिलने कागदावर ठसा स्पष्ट उमटेपर्यंत, चिकाटीने साफ केला.

मजुरी वाजवी होती. सुट्या भागांचे पक्के बिल मात्र मागितल्याशिवाय मिळाले नाही, आणि ‘कागदपत्रांचं आम्ही बघतो’ म्हणून सांगितलेली जादा रक्कम तर मुळीच पटली नाही, कारण नमुना 25 मधील अर्ज परिवहन पोर्टलवर स्वतःला भरता येतो व मुदत संपण्यापूर्वीच्या 60 दिवसांत तो करता येतो. विमा आणि पीयूसी चालू असावेत. पर्यावरण कराची रक्कमही हिशेबात धरावी. यांत्रिक कामासाठी हे गॅरेज मी निःसंकोच सुचवेन, फक्त काय बदलणार आणि त्याला किती खर्च येणार, हे गाडी सोडतानाच लिहून घ्यावे.