कॉम्प्युटरसाठी तीन पिनांचा पंखा की चार पिनांचा?

पहिल्या तीन पिना दोन्हींत सारख्याच: ग्राउंड, १२ व्होल्ट आणि गती कळवणारी, जी दर फेरीला २ पल्स देते. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज घटवून कमी करतात. फार घटवलं तर तो सुरूच होत नाही. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात. वेग ठरवते चौथी तार, सुमारे २५ किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या) सिग्नलने, म्हणून तो मंद गतीतही नीट फिरतो. सीपीयूसाठी मी हाच घेईन. कॅबिनेटला तीन पिनांचाही पुरतो, फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) डीसी मोड, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणारा, निवडा, नाहीतर तो सतत पूर्ण वेगाने घोंघावेल.

तारांच्या रंगांवर मात्र विसंबू नका! पिवळी तार तीन पिनांत बहुधा गतीची असते, चार पिनांत १२ व्होल्टची. जोडणी करताना पिनांचा क्रमच पाहा.