मर्लिन बर्ड आयडी: नवशिक्या पक्षीनिरीक्षकाच्या नजरेतून पारख

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचे हे ॲप मोफत आहे. भारताचा पक्षी-संच घरच्या वायफायवर एकदा उतरवून घेतला की रेंज नसलेल्या डोंगरातही ते चालते. संच काहीशे एमबींचा असतो, तेव्हा फोनमध्ये आधी जागा करून ठेवा. ॲप आवाज, फोटो आणि प्रश्नोत्तरे अशा तीन प्रकारे पक्षी ओळखते. नवशिके बहुधा आवाजापासून सुरुवात करतात आणि नेमके त्यातूनच शिकणे सगळ्यांत कमी होते.

'साउंड आयडी' सुरू केले की पडद्यावर आवाजाचा आलेख सरकू लागतो आणि खाली नावे उमटतात. दयाळ, तांबट, टिटवी, भारद्वाज असे मोकळ्या गळ्याचे पक्षी जवळ असतील तर ते नाव चटकन आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते. फोन खिशात ठेवू नका. माइकची बाजू पक्ष्याकडे करून अर्धा-एक मिनिट हात स्थिर धरा, बोलू नका. रातकिडे, वाहता ओढा आणि रस्त्यावरची वाहने यांनी निकाल बिघडतो. ज्यांचे आवाज ॲपला शिकवलेले आहेत तेवढेच पक्षी ते ओळखते. बाकीच्यांच्या बाबतीत एकतर काहीच उमटत नाही किंवा मिळत्याजुळत्या आवाजाच्या दुसऱ्याच पक्ष्याचे नाव येते. नकला करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. कोतवाल शिक्र्याचा आवाज काढतो, सह्याद्रीतला भृंगराज तर कितीतरी पक्ष्यांचे आवाज काढतो, आणि नकल्या खाटकाचे नावच सगळे सांगते. म्हणून नाव दिसले की आवाजाच्या दिशेने पक्षी शोधायचा. दिसल्याशिवाय यादीत नोंद करू नये, एवढा नियम सुरुवातीला तरी पाळावाच.

आमचे मत प्रश्नोत्तरांच्या बाजूने आहे. ठिकाण, तारीख, आकार, रंग आणि पक्षी काय करत होता, एवढेच ॲप विचारते. पण ही उत्तरे देता यावीत म्हणून पक्षी नीट बघावा लागतो, आणि ओळख पक्की होते ती त्या बघण्याने. आकाराच्या प्रश्नात मात्र आपल्याकडचे लोक हमखास फसतात. ॲप आकार ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने विचारते आणि त्यातला 'रॉबिन' हा अमेरिकन रॉबिन आहे, सुमारे २५ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या साळुंकीएवढा. आपला चिरक किंवा दयाळ डोळ्यांपुढे ठेवून उत्तर दिले तर ॲप सुचवते ती अख्खी यादी चुकते. त्यामुळे चिमणी, साळुंकी, कावळा ही मापे मनाशी ठेवा. बुलबुल चिमणी आणि साळुंकी यांच्या मधला.

रंग एक ते तीन निवडता येतात. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर कुठलाही पक्षी काळाच दिसतो, तेव्हा आधी जागा बदला, सूर्य पाठीशी घ्या आणि मगच रंग ठरवा. विणीचा हंगाम संपल्यावर जांभळ्या शिंजिराच्या नराचे पोट पिवळे होते, फक्त गळ्यापासून खाली एक गडद पट्टा उरतो. तो पट्टा पाहिला नाही तर नर मादी म्हणून सुटून जातो. भिगवणला पाहिलेल्या पक्ष्याची उत्तरे पुण्यात घरी बसून देणार असाल तर ठिकाण आणि तारीख हाताने बदला, नाहीतर तलावावरच्या बदकाला शहरातल्या पक्ष्यांमध्ये शोधत बसाल. हिवाळी पाहुण्यांच्या बाबतीत तारखेने फार फरक पडतो.

फोटोची सोय दुर्बीण नसणाऱ्यांना उपयोगी आहे, पण मोबाइलने दुरून काढलेला धूसर ठिपका तिला पुरत नाही. पक्षी चौकटीत मोठा दिसेल असा कापून घ्या. पावशा आणि शिक्रा हे शिकारी पक्ष्यासारखा दिसणारा पावशा आणि खरा शिकारी शिक्रा, यांच्यात ॲपने दिलेले नाव स्वतः ताडून बघावे. शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकलेली असते. पावशाची सरळसर, आणि डोळ्याभोवती पिवळे कडे. सातभाईंमध्ये मोठ्या राखी सातभाईच्या शेपटीच्या कडा उडताना पांढऱ्या दिसतात, रानसातभाईच्या नाही. वटवट्यांच्या बाबतीत मात्र एका फोटोवर विसंबू नका. चोच, भुवई आणि पाय दिसतील असे तीन-चार फोटो हवेत.

प्रत्येक पक्ष्याच्या पानावर त्याचे आवाज दिलेले आहेत. ते घरी ऐकायचे. विणीच्या दिवसांत झाडाखाली वाजवले तर नर आपली हद्द राखायला धावून येतो आणि पिलांना भरवणे तेवढा वेळ थांबते.