कोकणातल्या नातलगांकडे मे महिन्यात जावं की दिवाळीत? बडोद्याहून निघणाऱ्या कुटुंबासाठी

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत हा विषय दर वर्षी निघतोच. मावशी रत्नागिरीजवळ, सासरचे काका-काकू मालवणकडे, मुलांना समुद्र हवा, आजींना त्यांची माणसं भेटायला हवीत. शाळेच्या मोठ्या सुट्ट्या मात्र दोनच: गुजरात बोर्डाची उन्हाळ्याची ३५ दिवसांची आणि दिवाळीची २१ दिवसांची. दोन्ही वेळा जाणं बहुतेकांना जमत नाही. पैशांचं जमलं तरी रजेचं जमत नाही. मी दोन्ही ऋतूंत या घरांमध्ये राहिले आहे आणि माझं मत पक्कं आहे. समुद्र, हवा, तिकीट या गोष्टी नंतर पाहाव्या. ज्या घरी उतरायचं, त्या घराला तेव्हा सवड आहे का आणि त्यांच्या विहिरीला पाणी आहे का, हे आधी पाहावं.

मे महिन्याच्या बाजूनं सगळ्यात मोठं कारण आंबा. बडोद्यात आपण केसर मनसोक्त खातो, हापूसही बाजारात येतो. पण झाडावरून झेल्यानं उतरवलेला, पेंढ्यात पिकलेला हापूस मावशीच्या पडवीत बसून खाणं मुलांना एकदा तरी मिळायलाच हवं. सोबत करवंदं, जांभळं, रातांबे. आणि फणस. काकू फणस फोडायला बसते तेव्हा आधी दोन्ही हातांना आणि कोयत्याच्या पात्याला खोबरेल चोळते, नाहीतर चीक निघता निघत नाही. मग कापा असेल तर गरे सोलायला मुलं बसतात, बरका असेल तर रस काढून साटं वाळत पडतात. आठळ्या धुऊन सावलीत ठेवल्या जातात, पावसाळ्यातल्या भाजीसाठी. बडोद्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला अख्ख्या फणसाचं पुढे काय काय होतं, हे तिथेच समजतं.

दुसरं कारण म्हणजे भावंडं. मुंबई-पुण्याच्या शाळांनाही तेव्हाच सुट्टी असते, त्यामुळे चाकरमान्यांची मुलं गावी आलेली असतात. सात-आठ मुलं ओट्यावर ओळीनं झोपतात. गुजराती माध्यमात शिकणारी आपली मुलं त्या घोळक्यात मराठी जितकी बोलतात, तितकी बडोद्यात वर्षभरात बोलत नाहीत. माझ्या लेखी मेची खरी कमाई ही आहे, आंब्यापेक्षाही मोठी.

आता यजमानांकडून पाहा. ज्यांची बाग आहे, त्यांच्या घरी याच दिवसांत वर्षाचा हिशेब ठरतो. पहाटे काढणी, दुपारी निवड, वजनाप्रमाणे फळं वेगळी करणं, संध्याकाळी पेट्या भरून गाडीत चढवणं. फळ जितकं मोठं, तितके पेटीत डझन कमी; ती प्रतवारी चुकली तर भावात मार बसतो, म्हणून घरातलं जाणतं माणूस तिथून हलत नाही. आंबा उरकत आला की आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, घाई सुरू होते: लाकडं आत घेणं, कौलं परतणं, कोकमं वाळवणं, मसाले करून ठेवणं. शिवाय लग्नसराई. अशा घरात चौघांचं कुटुंब आठ-दहा दिवस राहिलं तर मावशी तोंडातून शब्द काढणार नाही, उलट रोज नवीन काहीतरी करून वाढेल. पण रात्री अकराला ती भांडी आवरत असते आणि पहाटे साडेचारला पुन्हा उठलेली असते. म्हणून मेमध्ये जायचं तर हाताला काम लावायच्या तयारीनं जावं. मोठ्यांनी स्वयंपाकघर वाटून घ्यावं, दहा-बारा वर्षांच्या मुलांनी पेट्यांत पेंढा घालावा. ते आनंदानं करतात. चिकापासून तेवढं सांभाळायचं. देठाचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते.

आणि पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे तिथे पाणी कमी पडेल असं आपल्याला वाटत नाही. पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. उतारावरून ते वाहून समुद्राला मिळतं. एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाड्यांत विहिरींचा तळ दिसतो, काही ठिकाणी टँकर येतो. बडोद्याच्या सवयीनं दोन वेळा शॉवरखाली उभी राहणारी चार माणसं अशा घरात आली, की घरच्यांची आंघोळ आखडते आणि कोणी ते बोलून दाखवत नाही. खाडीकाठच्या किंवा नळपाणी योजना असलेल्या गावात एवढी ओढ नसते. त्यामुळे निघण्याआधी फोनवर आडपडदा न ठेवता विचारावं: विहिरीला किती पाणी आहे?

हवेबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. दिवाळीत कोकण थंड असेल म्हणून लोक स्वेटर भरतात. रत्नागिरीत दुपारचा पारा मे आणि नोव्हेंबर दोन्हींत साधारण ३३ अंशांच्या घरात असतो. फरक रात्रीचा आणि घामाचा. मेमध्ये रात्रीही पारा २६-२७ च्या खाली सहसा उतरत नाही आणि दमटपणा असा, की वाळत घातलेला टॉवेल सकाळी ओलाच. नोव्हेंबरात रात्र २१-२२ पर्यंत येते, पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते. बडोद्याच्या चाळिशीपार कोरड्या झळांमधून गेलेल्या माणसाला कोकणातले ३३ अंश आकड्यावरून सोपे वाटतात, पण सत्तरीच्या आजींना त्या घामानं गळून जायला होतं. त्यात वळीव आला की वीज जाते आणि पंखा बंद. आजी-आजोबा सोबत असतील तर मी मेचं नावही काढणार नाही.

समुद्राचंही तेच. मेच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी किनाऱ्यावर छान वाटतं. महिना संपत येतो तसं पाणी उसळायला लागतं, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या शेवटच्या आठवड्यात थांबतात आणि थेट पावसाळ्यानंतर सुरू होतात. १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी लागते. म्हणजे ‘आंबे संपले की मावशी मोकळी, मग जाऊ’ असं म्हणून २५ मेनंतर निघालात, तर आंबाही गेला आणि समुद्रही.

दिवाळीत हे घर वेगळंच असतं. विहीर काठोकाठ, परसात भाजी, मासे खाणाऱ्या घरी ताजा बांगडा आणि सुरमई. काकूला गप्पा मारायला दुपार मोकळी मिळते. मालवणकडे नरकचतुर्दशीला चावदिस म्हणतात. पहाटे उटणं लावून आंघोळ, मग तुळशीपुढे ‘गोविंदा’ म्हणत पायानं कारीट हे छोटं कडू फळ फोडायचं, कडू थेंब जिभेला लावायचा आणि घरात येऊन पोहे खायचे. पोहे नव्या भाताचे, आणि एका प्रकारचे नाहीत: गुळाचे, दह्याचे, तिखट, दुधातले, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. शेजारपाजारच्या घरीही बोलावणी असतात, त्यामुळे सकाळी दहापर्यंत पोट टम्म. आपल्याकडे बडोद्यात फराळ म्हणजे चकली-करंजी आणि शेजारच्या बेननी दिलेली मठिया-चोराफळी. मुलांना हा पोह्यांचा सण अगदी नवा वाटतो.

पण दिवाळी लवकर आहे की उशिरा, हे कॅलेंडरमध्ये बघूनच ठरवा. ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, जशी २०२५ मध्ये आली, तर कोकणात भातकापणी आणि झोडणी चालू असते, परतीचा पाऊस डोक्यावर असतो आणि ऑक्टोबरचा उकाडा मेपेक्षा काही कमी नसतो. शेती असलेल्या घराला तेव्हाही सवड नसते. नोव्हेंबरातली दिवाळी मात्र सोन्यासारखी. भात घरात आलेलं, आभाळ स्वच्छ, समुद्र शांत. आपली २१ दिवसांची सुट्टी बहुधा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरते, आणि ऊस, चिंचा-आवळे लावून सजवलेली अंगणातली तुळस पाहायला मिळणं हे वेगळंच सुख.

दिवाळीचा तोटा मला मनापासून जाणवतो तो असा की बडोद्यातलं घर बंद राहतं. लक्ष्मीपूजन, दारातली रांगोळी आणि बेसत्या वर्षाला, म्हणजे गुजराती नववर्षाला, सकाळपासून ‘साल मुबारक’ म्हणत येणारे शेजारी, हे सगळं चुकतं. दुकान असलेल्यांना तर निघणं शक्यच नसतं. त्यांनी पाडवा इथे करून रात्री निघावं. भाऊबीजेला तिकडे पोचता येतं. चावदिस हुकतो, पण बहिणीच्या हातचं ओवाळणं होतं. आणि दिवाळीत तारकर्ली, गणपतीपुळ्याला पर्यटकांची झुंबड असते, म्हणून नातलगांच्याच गावचा किनारा धरावा.

गणपतीत जाण्याचा विचारही दर वर्षी कोणीतरी मांडतं. कोकणाचा खरा सण तोच, यात वाद नाही. पण मुलांच्या शाळा चालू, परीक्षा तोंडावर, घरं माणसांनी भरलेली. मोठ्यांपैकी एकानं दीड दिवस जाऊन दर्शन घेऊन यावं.

प्रवासाचं थोडक्यात. गुजरात-राजस्थानकडून केरळला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बडोदा, वसई, पनवेलवरून कोकण रेल्वेनं रत्नागिरी, मडगावला जातात. रत्नागिरीला साधारण अकरा-बारा तास लागतात. बहुतेक आठवड्यातून एकदा-दोनदाच आणि कणकवली-कुडाळला सगळ्या थांबत नाहीत. मेमध्ये याच गाड्यांत गुजरातमधली मल्याळी कुटुंबं गावी निघालेली असतात, त्यामुळे जागा झपाट्यानं भरतात. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, म्हणजे ५ मेला निघायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसावं लागतं. ते हुकलं तर बोरिवली किंवा वसईला गाडी बदलावी. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदा तिथूनच जाते. आजींना घेऊन दादरचा पूल चढण्यापेक्षा ते कितीतरी बरं. स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनी वाटेत कोणाकडे तरी मुक्काम करावाच, एका दमात हे अंतर मुलांच्या अंगावर येतं.

न्यायचं काय? मेमध्ये लीलो चेवडो, भाखरवडी, खाखरे. दुधाची मिठाई वाटेतच खराब होते. दिवाळीत कच्चे मठिये न्यावे, तिथे गरम तळून सगळ्यांनी खावे. येताना मेमध्ये आंब्याची पेटी, दिवाळीत नवे पोहे, नारळ आणि कोकमं.

मुलं आठ ते चौदाच्या दरम्यान असतील, त्यांनी बाग पाहिलेली नसेल आणि विहिरीचं उत्तर चांगलं आलं, तर एक मे महिना त्यांना द्याच, पहिल्या पंधरवड्यात. लहान बाळ, म्हातारं माणूस किंवा घरात नवी आलेली सून सोबत असेल, तर दिवाळी. नव्या सुनेला सासरचं गोत त्या निवांत दिवसांतच कळतं.

२०२६ चं पाहायचं तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळात लग्नं नसतात, जावयाला मात्र अनारशांचं वाण देऊन मानानं बोलावतात. सासुरवाडी कोकणात असलेल्यांना मेमध्ये जायला हे चांगलं निमित्त. अधिक मासामुळेच दिवाळीही उशिरा, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. आमचं घर तेव्हा मालवणला जाणार आहे. बेसतुं वर्ष इथे करून १० नोव्हेंबरच्या रात्री निघायचं, तर तिकिटं ११ सप्टेंबरच्या सुमारास, गणपतीच्या तीनच दिवस आधी काढावी लागतील.